रणांगणावर मोजायला बसलंय कोण?

गेल्या अंकात मी युद्धपटांतल्या गोळीबाराची थोडी टिंगल केली होती. एकाच मॅगझिनमधून साठ गोळ्या झाडणाऱ्या नायकावर जे लिहिलं, त्यावरून पत्रं आली. काही रागावलेली, बहुतेक प्रश्न विचारणारी. त्यातली थोडी निवडली आहेत. उत्तर देणारा पायदळातला निवृत्त अधिकारी आहे, इतिहासाचा प्राध्यापक नव्हे, एवढं लक्षात घेऊन वाचा.

दुसऱ्या महायुद्धात शंभरातले पंधरा-वीसच अमेरिकन सैनिक प्रत्यक्ष गोळी झाडत, बाकीचे माणूस मारायला मन धजत नाही म्हणून गप्प बसत, असं इंटरनेटवर वाचलं. माणूस मुळात हिंसक नाही, याचा हा पुरावा मानायचा का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

आधी माझ्या पहिल्या गोळीबाराची गोष्ट सांगतो, मग तुमच्या आकड्याकडे येतो.

डिसेंबर १९७१, पश्चिम आघाडी. मी बावीस वर्षांचा, खांद्यावर एकच स्टार, हाताखाली मराठा पलटणीतली एक प्लाटून, म्हणजे तीसेक जवान. लढाई सुरू होऊन दोन-तीन रात्री झाल्या होत्या. अंधार असा की आपलाच पुढं केलेला हात दिसेना. डावीकडच्या सेक्शनच्या, म्हणजे प्लाटूनमधल्या छोट्या तुकडीच्या, संतऱ्याला समोर काहीतरी चकाकल्यासारखं वाटलं, त्यानं एक राउंड टाकला. दोन सेकंदांत अख्खी प्लाटून, एलएमजी म्हणजे हलक्या मशीनगनांसकट, फायर करत होती. मीही. कशावर, ते आजही सांगता येणार नाही. ‘फायर बंद’ असं मी ओरडत होतो म्हणे. मला आठवतं ते एवढंच, की माझ्या कार्बाइनचं, म्हणजे आखूड स्वयंचलित बंदुकीचं, मॅगझिन रिकामं झालं तरी माझं बोट ट्रिगर दाबतच होतं.

नायब सुभेदार साहेब १९६५ची लढाई बघितलेले. मोर्च्यामोर्च्यातून वाकून फिरत त्यांनी एकेकाच्या हेल्मेटवर हातातली काठी मारली, तेव्हा कुठं आवाज थांबला. मग माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, “साहेब, आपल्या तिन्ही एलएमजी कुठं हायत ते आता पल्याडच्याला झोपंत बी कळलं. उजाडायच्या आत जागा बदलू.” रागाचा एक शब्द नाही. ती रात्र आम्ही खणण्यात काढली. उजाडल्यावर पाहिलं तर चाळीस पावलांवर आमचाच जेरीकॅन पडलेला. पाणी आणणाऱ्यांनी संध्याकाळी तो तिथंच विसरला होता. त्याला तीन भोकं होती. शेकडो गोळ्यांतून तीन.

आता आकडा. तो एस. एल. ए. मार्शल यांचा. हे मूळचे वर्तमानपत्रातले, युद्धकाळात अमेरिकन लष्कराचे इतिहासकार झाले. लढाई संपली की कंपनीतल्या माणसांना एकत्र बसवून काय घडलं ते विचारायचं, ही त्यांची पद्धत. तिची सुरुवात त्यांनी नोव्हेंबर १९४३मध्ये प्रशांत महासागरातल्या माकिन बेटावर केली. पद्धत उत्तमच होती, आजही तिचा उपयोग होतो. पण १९४७च्या पुस्तकात त्यांनी लिहून टाकलं, की लढाईत सापडलेल्या शंभरांपैकी पंधरा ते वीस, फार तर पंचवीस जण शस्त्र चालवतात. हा आकडा चाळीस वर्षं जगभरच्या लष्करी शाळांतून फिरला. पुढं १९८८मध्ये रॉजर स्पिलर या अमेरिकन लष्करी इतिहासकारानं तो तपासायला घेतला. मार्शल यांच्या टिपणवह्यांत असल्या मोजणीची खूणही सापडली नाही. मुलाखतींना त्यांच्यासोबत बसणाऱ्या सहकाऱ्यालाही ‘तू गोळी झाडलीस का’ असा प्रश्न विचारल्याचं आठवत नव्हतं. आणि गंमत बघा, ज्या माकिनवर हे सारं सुरू झालं, तिथंच घाबरलेले सैनिक रात्रभर सावल्यांवर गोळ्या झाडत होते, अशी नोंद आहे. आमच्या जेरीकॅनची भावंडंच ती.

त्याच युद्धात कॅनडाच्या पायदळ अधिकाऱ्यांकडून लढाईच्या अनुभवाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. माणसं गोळी झाडत नाहीत, ही त्यांची अडचण नव्हतीच. नको तिथं नको तेवढी झाडतात, ही होती. पायदळात प्लाटून सांभाळलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

मग न झाडणारे नसतातच का? असतात. दारूगोळ्याच्या पेट्या वाहणारा झाडत नाही. ज्याला समोर काही दिसत नाही तो झाडत नाही. ज्याच्या डोक्यावरून मशीनगन चालू आहे तो मातीत नाक खुपसून पडतो आणि शहाणपणाच करतो. मुद्दाम चाप न ओढणाराही एखादा असेल. पण चौघंही न झाडणारेच, बाहेरून ओळखायचे कसे? माणूस मुळात अहिंसक असेलही, माझी हरकत नाही. पण पुरावा म्हणून हा आकडा नेऊ नका, परीक्षक हुशार निघाला तर तोंडघशी पडाल.

याच मुद्द्यासाठी गेटिसबर्गचा दाखलाही दिला जातो. १८६३मध्ये अमेरिकन यादवी युद्धातल्या त्या लढाईनंतर मैदानावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या. त्यातल्या सुमारे चोवीस हजार भरलेल्या होत्या. निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले, एकीत तर तेवीस! म्हणजे बंदूक भरायचं नाटक करून माणसं मारणं टाळत होती, असा अर्थ काढतात. मला तसं वाटत नाही. ती तोंडाकडून ठासायची बंदूक. दारू, गोळी, गज, टोपी (दारूला ठिणगी देणारी) असं करत मिनिटाला जेमतेम तीन बार. टोपी बसवायची राहिली की चाप ओढला तरी बार उडत नाही. धुरात, शेजारच्या शंभर बंदुकांच्या धडाक्यात आपला बार उडाला की नाही ते खांद्यालाही कळत नाही. मग हात पुढचा बार ठासायला लागतात. शिवाय या बंदुका पडलेल्या होत्या, मेलेल्यांच्या, जखमींच्या, टाकून पळालेल्यांच्या. ज्यांच्या बंदुका नीट उडाल्या ते त्या खांद्यावर टाकून पुढं निघून गेले, त्यांची मोजणी कुणी केली?

संगिनीची लढाई खरंच होत असे की ती फक्त चित्रांत?

होत असे, पण चित्रात दिसते तशी क्वचित. संगिनी लावून ओळ चालून आली की बहुतेक वेळा अंगाला अंग भिडण्याआधीच एक बाजू पाठ फिरवते. कधी चालून येणारी, कधी उभी असलेली. संगिनीचं काम डोळ्यांवर होतं, पोटावर कमी. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रुग्णालयांच्या नोंदींत संगिनीच्या जखमा शंभरात एकसुद्धा भरत नाहीत, तर तोफगोळे आणि उखळी तोफांच्या जखमा निम्म्याहून जास्त. अर्थात संगीन ज्याच्या पोटातून आरपार गेली तो रुग्णालयापर्यंत पोहोचत नाही, हेही त्या हिशेबात धरायला हवं.

हातघाई होते ती मुद्दाम कुणी ठरवली म्हणून नव्हे. वेळ उरत नाही म्हणून होते. १० जुलै १९४४, इटलीतलं तिबर नदीचं वरचं खोरं. नाईक यशवंत घाडगे यांचा सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडला. त्यांच्याशिवाय सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे मोर्च्यावर धावले, ग्रेनेड टाकून गन आणि गनर संपवला, टॉमीगननं आणखी एकाला टिपलं. मॅगझिन संपलं. उरलेले दोघं समोर, मॅगझिन बदलायला सवड नाही. टॉमीगन नळीकडून धरून दस्त्यानं त्यांनी दोघांना मारलं. लगेचच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या प्रशस्तीतला मॅगझिन बदलायला वेळ नसल्याचा उल्लेख मला सगळ्यात खरा वाटतो. तसं बदलायला आम्ही रंगरुटांना तीन-चार सेकंद द्यायचो.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये हिंदी सैनिक लढाई टाळायला स्वतःच्या तळहातावर गोळी झाडून घेत, असं एका इंग्रजी लेखात वाचलं आणि वाईट वाटलं. कितपत खरं?

आरोप तेव्हाच झाला होता आणि तेव्हाच तपासलाही गेला, लेख लिहिणाऱ्यानं दुसरा भाग वाचला नसावा.

हिंदी लष्कराच्या लाहोर आणि मीरत डिव्हिजन १९१४च्या शरद ऋतूत मार्सेय बंदरात उतरल्या आणि ऑक्टोबर संपता संपता थेट बेल्जियममधल्या ईप्रच्या चिखलात. अंगावर उन्हाळी कपडे, समोर अशा तोफा की ज्यांच्या तोडीचं आपल्याकडं काही नाही. त्यांची भाषा जाणणारे इंग्रज अधिकारी पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या संख्येनं पडले. बदली आलेल्यांना आपल्या शिपायाचं नावही धड उच्चारता येईना. अशा वेळी डाव्या हाताच्या जखमा खूप दिसू लागल्या आणि कुजबुज सुरू झाली.

इंग्लंडमधल्या ब्रायटनला किचनर इंडियन हॉस्पिटल होतं. तिथले प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी १९१५मध्ये एक हजार जखमा एकेक करून तपासल्या आणि अहवाल दिला, की स्वतःला जखमी करून घेण्याची लाट होती या समजुतीला पुरावा नाही. कारणही साधं आहे. उथळ खंदकात उभं राहून रायफल चालवताना बाहेर काय राहतं? डोकं आणि हात. डोक्यात गोळी लागलेला तिथंच पुरला जातो. हाताला लागलेला जहाजानं ब्रायटनला पोहोचतो. रुग्णालयात उभं राहून मोजलं तर हातच हात दिसणार.

एकानंही तसं केलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्या युद्धात प्रत्येक सैन्यात कुणी ना कुणी केलंच. पण हिंदी शिपायाची पत्रं त्या काळी सेन्सॉर उघडून वाचत असे, आणि त्यांतल्या काही पत्रांचं भाषांतर सरकारी दप्तरात राहिलं, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतं. एकानं घरी कळवलं होतं, की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला ते कळलं, तरी मसाल्याच्या हिशेबात आपल्या पलटणीचे मेलेले कळवणाऱ्या त्या माणसाला मी घाबरट म्हणणार नाही.

हल्ल्याआधी सैनिकांना दारू पाजून बेभान करत, हे खरं का?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायाला रमचा घोट मिळे, खरं आहे. तेवढ्यावर कुणी बेभान होत नाही, फार तर दात वाजायचे थांबतात. बेभान करणारी चीज वेगळी होती. १९४०च्या एप्रिल ते जुलैमध्ये जर्मन सैन्याला पेरव्हिटिन आणि त्याच जातीच्या साडेतीन कोटींच्या आसपास गोळ्या पुरवल्या गेल्या. मेथॲम्फेटामिन. झोप उडवायला. ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्यांनीही पुढं बेन्झेड्रिन वापरलं. उपाशी माणूस एक दिवस लढतो, जागा माणूस तिसऱ्या दिवशी झाडाशी बोलायला लागतो.

माझे आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. घरात त्यांच्याबद्दल ‘घाबरून रुग्णालयात जाऊन पडले’ असं हसत सांगितलं जातं. परत आल्यावर ते रात्री ओरडत उठायचे, फटाके वाजले की खाटेखाली जायचे. युद्धाबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. ते भित्रे होते का? मुलांना काय सांगू?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

भीतीचं आधी सांगतो. त्या युद्धात अमेरिकन लष्करानं आपल्याच सैनिकांना लढाईत शरीराचं काय होतं ते विचारलं. प्रशांत महासागरातल्या एका डिव्हिजनमध्ये दहातल्या आठांहून जास्त जणांनी छाती जोरात धडधडल्याचं सांगितलं. निम्म्याहून जास्त थरथर कापले होते. जवळपास चौथा हिस्सा ओकला होता. आणि पाचातल्या एकाला शौचावर ताबा राहिला नव्हता. हे पळालेल्यांचे आकडे नव्हेत, लढलेल्यांचे आहेत. कापणारे हातच रायफल चालवत असतात. मीच सांगतो, पहिल्या तोफमाऱ्यात माझे दात एकमेकांवर असे आपटत होते की मी रुमाल तोंडात धरला. जवानांना आवाज जाऊ नये म्हणून. सकाळी कळलं, मोर्च्यातल्या दोघांनी तेच केलं होतं.

आमच्यातला एक लान्स नाईक त्या रात्री मोर्च्याच्या तळाशी बसून बुटाची नाडी बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. अर्धा तास. कुणी हाक मारली तर ऐकू जात नव्हतं. तासाभरानं पुढच्या मोर्च्यातून कुणी जखमी झाल्याचा आवाज आला, तेव्हा त्याच अर्धवट बांधलेल्या बुटानं तो उठून गेला आणि जखमीला पाठीवर घालून घेऊन आला. तोफा थांबलेल्या नव्हत्या. आता या माणसाला कोणत्या खान्यात घालू? कुणी अर्ध्या तासाचा साक्षीदार, कुणी तासाभरानंतरचा. तुमच्या घरात जी गोष्ट पोहोचली ती कुठल्या वेळची, आणि सांगणारा तेव्हा कुठं होता?

दुसरं असं, की माणूस झिजतो. चर्चिलचे डॉक्टर लॉर्ड मोरन पहिल्या महायुद्धात खंदकात पलटणीचे डॉक्टर होते. त्यांचं म्हणणं, धैर्य बँकेतल्या पैशासारखं असतं, रोज खर्च होतं आणि एक दिवस खातं रिकामं होतं. १९४६च्या एका अमेरिकन अहवालानं याला दिवस घातले. पायदळातला माणूस लढाईच्या दोनशे ते दोनशे चाळीस दिवसांत निकामी होतो. ब्रिटिशांचा माणूस जवळजवळ दुप्पट टिकतो, कारण ते त्याला थोड्या थोड्या दिवसांनी मागं विश्रांतीला नेतात. म्हणजे फरक रक्तात नव्हता. पाळीत होता.

हे कळायला लष्करांनी फार वेळ लावला. ‘शेलशॉक’ (तोफमाऱ्यानं मन मोडणं) हा शब्द चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं १९१५मध्ये वैद्यकीय नियतकालिकात वापरला, आणि त्याच युद्धात ब्रिटिशांनी पळून जाणं, भित्रेपणा वगैरे ठपक्यांखाली आपलीच माणसं गोळ्या घालून मारली. त्यातल्या ३०६ जणांना २००६मध्ये माफी मिळाली, नव्वद वर्षांनी. ऑगस्ट १९४३मध्ये सिसिलीत अमेरिकन जनरल पॅटन यांनी रुग्णालयातल्या दोन सैनिकांना भित्रे म्हणून थपडा मारल्या. त्यातल्या एकाला मलेरिया होता, अंगात ताप होता. जनरलना तो दिसला नाही, तर घरातल्यांना काय दिसणार?

मुलांना सांगायचंच तर असं करा. आजेसासऱ्यांचं डिस्चार्ज बुक किंवा पदकं ट्रंकेत कुठं आहेत का बघा. ‘इटली स्टार’ असेल तर ते त्या आघाडीवर होते एवढं नक्की. कागदावर वर्तणुकीचा शेरा असतो, तो वाचा. पळून गेलेल्या माणसाला चांगला शेरा देऊन घरी पाठवत नाहीत. आणि पुढच्या दिवाळीला घरातला कुणी हसत ती खाटेची गोष्ट काढलीच, तर त्याला विचारा, की तोफगोळा पडतो तेव्हा शहाणा माणूस दुसरं काय करतो?

ते बोलले नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. मीही माझ्या मुलाशी बोललो नव्हतो. या सदराशी बोलतो ते वय झालं म्हणून, आणि संपादक मानधन देतात म्हणून.

काका, तुम्ही लढाईत किती शत्रू मारले? (इयत्ता सातवी)

हा प्रश्न मोठ्यांच्याही मनात असतो, ते विचारत नाहीत, म्हणून तुझं कौतुक.

माहीत नाही, हे खरं उत्तर. लढाईत समोरचा माणूस क्वचितच दिसतो. दिसतात त्या ठिणग्या, आणि तुम्ही ठिणग्यांवर गोळी झाडता. शेजारचाही त्याच ठिणगीवर झाडत असतो. मागून तोफाही तिथंच मारत असतात. सकाळी पुढं गेलो तर काही वेळा तिथं कुणी पडलेलं असायचं, पण ते कुणामुळं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. जो कुणी छातीवर हात ठेवून नक्की आकडा सांगतो, त्याच्यापासून जरा लांब बस.

खात्रीनं सांगता येईल असा एकच, वर सांगितलेला जेरीकॅन. तीन भोकांपैकी दोन रायफलची होती, एक जरा मोठं, कार्बाइनचं. ते माझं, असं मी पलटणीत सांगत आलो. पण डाव्या सेक्शनच्या नाईकाकडंही त्या रात्री कार्बाइनच होती, आणि तो पेन्शनीत जाईपर्यंत म्हणत राहिला की ते भोक त्याचं.